नळकामातील यंत्र-अपघात व सुरक्षा

पाणीपुरवठ्याचे व सांडपाण्याचे नळ कापणे, त्यांना आटे पाडणे, ते जोडणे, तपासणे आणि दुरुस्त करणे या कामांत वापरल्या जाणाऱ्या यंत्रांमुळे कारागिरास होणाऱ्या इजांना नळकामातील यंत्र-अपघात असे म्हणतात. आटे पाडण्याचे यंत्र, ग्राइंडर, भिंतीस व स्लॅबला भोके पाडणारी यंत्रे, तुंबलेले नळ मोकळे करणारे यंत्र आणि पाण्याचे पंप ही या अपघातांशी निगडित असलेली प्रमुख यंत्रे होत. बोटे व हात यंत्रात अडकणे, उडालेल्या तुकड्याने डोळा जाणे, विजेचा धक्का बसणे आणि बंदिस्त जागेत गुदमरणे हे इजांचे मुख्य प्रकार आहेत.

कारखान्यातील यंत्र एका जागी रोवलेले असते आणि कामगार त्याच्याकडे जातो. नळकामात याच्या उलट घडते. कारागीर यंत्र उचलून दुसऱ्याच्या घरी, जिन्याखाली, गच्चीवर किंवा खड्ड्यात नेतो. जागा अपुरी, जमीन ओली, वीज परक्या जोडणीतून घेतलेली आणि पुष्कळदा सोबतीस कोणी नाही, अशा परिस्थितीत ते चालवावे लागते. या व्यवसायातील बहुतेक धोके या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात. यंत्राबरोबर आलेले संरक्षक साधन अडचणीच्या जागी काढून ठेवले जाते आणि पुढे ते परत बसविले जात नाही.

पार्श्वभूमी

मुंबई शहरास १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. नळ आले तसे नळ जोडणारा कारागीरवर्गही आला. दीर्घकाळ हे काम हातसाधनांचे होते. शिकंजात पाइप धरावयाचा, करवतीने तो कापावयाचा आणि लांब दांड्याच्या डायने आटे पाडावयाचे, अशी रीत होती. या पद्धतीत श्रम फार पडत, खांदे व कंबर दुखत, बोटे सोलवटली जात. तथापि माणूस थांबला की साधनही थांबत असे. विजेवर चालणारी यंत्रे आल्यावर हा संबंध तुटला.

गेल्या काही दशकांत घरांतर्गत नळांसाठी जस्तलेपित लोखंडी पाइपाची, म्हणजे बोलीभाषेत जी. आय. पाइपाची, जागा बऱ्याच अंशी सी.पी.व्ही.सी., यू.पी.व्ही.सी. व पी.पी.आर. या प्लास्टिकच्या पाइपांनी घेतली. त्यामुळे आटे पाडण्याचे काम घटले. परंतु अग्निशमन व्यवस्था, गॅसच्या वाहिन्या आणि औद्योगिक नळकाम यांत लोखंडी पाइप टिकून आहे. प्लास्टिकच्या पाइपांनी स्वतःचे धोकेही आणले. त्यांच्या सांध्यांना लावावयाचा सॉल्व्हंट सिमेंट ज्वालाग्राही असतो, आणि त्याच न्हाणीघरात कोणी ग्राइंडर चालवीत असेल तर ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते. पी.पी.आर. पाइप वितळवून जोडणारे साधन सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

आटे पाडण्याचे यंत्र

या यंत्रात पाइप चकच्या जबड्यांत घट्ट धरला जातो व मोटर त्यास फिरविते. डाय मात्र स्थिर राहते. पाइप मिनिटास चाळीसच्या आसपास फेरे घेतो. ही गती डोळ्यांस मंद वाटते आणि नवख्या हेल्परला यंत्र निरुपद्रवी भासते. वास्तविक मंद गती हेच येथील धोक्याचे कारण आहे. मोटरची मूळ गती दंतचक्रांनी कमी केली की पिळाचा जोर वाढतो. लोखंडात आटे कोरणारा जोर मनगटाने थोपविता येत नाही.

मिनिटास चाळीस फेरे म्हणजे एका फेऱ्यास दीड सेकंद. दोन इंची जी. आय. पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे ६० मिलिमीटर, म्हणून त्याचा परीघ सुमारे १९ सेंटिमीटर भरतो. सदऱ्याची बाही, हातमोज्याचा सुटलेला धागा, गळ्यातील गमछा किंवा मनगटातील दोरा पाइपाला चिकटला की दीड सेकंदात १९ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते आणि त्यामागे हात ओढला जातो. काय घडत आहे हे उमजून खटक्याकडे वळण्यासही तेवढाच वेळ लागतो. नुकत्याच पाडलेल्या आट्यांच्या कडा व त्यांवरील किस धारदार असतात, त्यामुळे कापड हमखास अडकते. यासाठी फिरत्या पाइपाजवळ हातमोजे घालू नयेत, बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडाव्यात, अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे, असा नियम आहे. हातमोजे हे सुरक्षेचे साधन असल्याचे सर्वत्र शिकविले जात असल्याने हा नियम अनेकांना प्रथम चमत्कारिक वाटतो.

या यंत्राचे सर्वांत महत्त्वाचे संरक्षक साधन म्हणजे पायाने दाबावयाचा खटका होय. पाय दाबलेला असेपर्यंतच यंत्र चालते, पाय उचलताच ते थांबते. हात गुंतलेले असताना यंत्र थांबविण्याचा हाच एक मार्ग कारागिराजवळ उरतो. दिवसभर पाय दाबून ठेवण्याचा कंटाळा येतो म्हणून खटक्यावर वीट ठेवणे, त्याच्या तारा परस्पर जोडून टाकणे किंवा तो बिघडल्यावर साधे उघड-मिट बटण बसविणे असे प्रकार आढळतात. यंत्र यानंतरही पूर्वीसारखेच आटे पाडते, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणास वाटत नाही. पायखटका नसलेले यंत्र वापरात ठेवू नये, असे उत्पादकांच्या सूचनापुस्तिकांत स्पष्ट नमूद असते.

आणखी एक घातक सवय म्हणजे फिरत्या पाइपावर सॉकेट किंवा एल्बो आवळणे. कारागीर जोडणीस पाना लावतो आणि यंत्राकडून पाइप फिरवून घेतो. हाताने पाना मारण्याचे श्रम वाचतात. सांधा घट्ट होताक्षणी पाना पाइपाबरोबर फिरू लागतो. त्याचा दांडा हात, छाती किंवा तोंडावर आदळतो, अथवा हात पाना व यंत्राचा सांगाडा यांच्यामध्ये चिरडला जातो. हे यंत्र सांधे जोडण्यासाठी किंवा सोडविण्यासाठी बनविलेलेच नाही. तेच काम यंत्र बंद करून शिकंजात केल्यास थोडा वेळ अधिक लागतो, इतकाच काय तो फरक.

लांब पाइपाचे मागील टोक आधाराविना सोडल्यास ते फिरताना हेलकावते आणि शेजारून जाणाऱ्यास लागते. त्यासाठी पाइपाखाली घोडे ठेवावेत. यंत्रावरून पलीकडे वाकून डाय किंवा पाइप हाताळू नये. किस हाताने न काढता ब्रशने काढावा, तोही यंत्र थांबल्यावर. आटे पाडताना सोडल्या जाणाऱ्या तेलाने जमीन निसरडी होते, म्हणून यंत्राखाली तसराळे व भुसा ठेवण्याची रीत आहे.

ग्राइंडर

पाइप कापणे, जुने बोल्ट तोडणे व भिंतीत खाचा पाडणे या कामांसाठी हाती धरावयाचा ग्राइंडर सर्रास वापरला जातो. १०० मिलिमीटर चकतीचे छोटे यंत्र मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. या हिशेबाने चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते. चकती फुटल्यास तिचे तुकडे याच वेगाने सुटतात. ते कारागिराच्या दिशेने येऊ नयेत म्हणून चकतीवर अर्धवर्तुळाकार गार्ड असतो.

गार्ड काढला जाण्याची कारणे साधी असतात. भिंतीलगतचा पाइप कापताना तो आड येतो, किंवा यंत्रास ठरवून दिलेल्या मापाहून मोठी चकती त्यात मावत नाही. मोठी चकती लावल्यास कडेचा वेग तिच्या सोसण्यापलीकडे जाऊ शकतो. अशा वेळी गार्डही नसणे हा दुहेरी धोका होय. लाकूड कापण्याची दातेरी चकती ग्राइंडरवर लावणे याहून वाईट. ती अडकली की यंत्र उलटा झटका देते आणि हातातून सुटून मांडीवर किंवा गळ्यावर येते. कापण्याची पातळ चकतीसुद्धा कापात तिरकी झाली तर अशीच अडकते. म्हणून दुसरी मूठ लावून यंत्र दोन्ही हातांनी धरावे, चकतीच्या रेषेत चेहरा ठेवू नये आणि कापण्याच्या चकतीने घासण्याचे काम करू नये. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा वापराची मुदत छापलेली असते. चकतीतील कण राळेने बांधलेले असतात व ओलाव्याने ही बांधणी कमकुवत होते. पावसाळाभर ओल्या पिशवीत पडलेली चकती मुदतीत असली तरी वापरण्यायोग्य मानू नये.

डोळ्यांसाठी साधा चष्मा पुरेसा नसतो. कडेनेही झाकलेला संरक्षक चष्मा व त्यावर चेहऱ्याची ढाल अपेक्षित असते.

भोके पाडणारी यंत्रे

स्लॅबमधून नळ नेण्यासाठी कोअर कटिंगचे यंत्र वापरतात. काँक्रीटमधील सळई लागताच त्याची नळकांडी अडकते आणि यंत्राचे धडच फिरू लागते. हाती धरलेल्या यंत्राने अशा वेळी मनगट मोडू शकते. म्हणून मोठ्या व्यासाची भोके यंत्र स्टँडवर पक्के बसवूनच पाडावीत. भिंतीआड दडलेली वीजवाहिनी हा दुसरा धोका. या यंत्रास थंड ठेवण्यासाठी पाणी सोडावे लागते, त्यामुळे वीज व पाणी एकत्र येण्याचा प्रसंग येथे अपवादात्मक नसून रोजचा असतो. पाण्याविना कोरडे काम केल्यास उडणाऱ्या धुळीतील सिलिकेमुळे फुप्फुसांचा सिलिकोसिस हा रोग जडतो. तो बरा होत नाही.

तुंबलेले नळ मोकळे करणारे यंत्र

या यंत्रात स्प्रिंगसारखी लांब लवचीक तार मोटरने फिरवीत नळात सरकविली जाते. तारेचे टोक अडथळ्यात रुतले आणि मोटर चालूच राहिली तर तारेत पीळ साठतो. हा पीळ नळाबाहेरच्या मोकळ्या भागात अकस्मात सुटतो, तारेचा फास बनतो व तो बोटांभोवती किंवा मनगटाभोवती आवळला जातो. यंत्र व नळाचे तोंड यांमधील अंतर जितके अधिक, तितका हा संभव अधिक.

येथे हातमोज्यांचा नियम आधीच्या नियमाच्या उलट आहे. फिरती तार उघड्या हाताने किंवा फडक्याने धरू नये. जाड चामड्याचे हातमोजेच वापरावेत. कापडी किंवा सैल हातमोजा तारेत गुंडाळला जातो. एकाच कारागिराने सकाळी आटे पाडताना हातमोजे काढावयाचे आणि दुपारी तुंबलेला नळ मोकळा करताना चामड्याचे घालावयाचे, असा हा भेद आहे. ‘सुरक्षेसाठी हातमोजे घाला’ एवढीच सरसकट सूचना लिहिणारे फलक या व्यवसायात अपुरेच नव्हेत, तर प्रसंगी अपायकारक ठरतात.

नळात आधी ॲसिड किंवा कॉस्टिक ओतले आहे काय, याची चौकशी घरच्या माणसांकडे करणे आवश्यक असते. तार बाहेर काढताना ते द्रव डोळ्यांत उडते.

पंप

इमारतींच्या पंपघरातील अपघातांचे एक ठरावीक कारण म्हणजे पंप अचानक सुरू होणे. आजच्या गृहनिर्माण सोसायट्यांत पाण्याच्या पातळीनुसार पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा असते. टाकी भरलेली असल्याने बंद राहिलेला पंप कारागीर उघडतो, त्याचा हात कपलिंगजवळ किंवा पंख्याजवळ असतो. तेवढ्यात वरच्या टाकीची पातळी उतरते आणि पंप सुरू होतो. काही मोटरींत तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर आपोआप चालू होणारे संरक्षक साधन असते. अशी मोटर ‘जळाली’ असे समजून उघडणाऱ्याची फसगत होते. कधी वॉचमन नेहमीच्या वेळी बटण दाबतो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो.

यावरील उपाय म्हणजे पुरवठा तोडून त्यावर कुलूप घालणे. मुख्य खटका बंद करावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत, पॅनेलला स्वतःचे कुलूप लावावे, ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवावी आणि त्यानंतर बटण दाबून पंप खरोखर सुरू होत नाही याची खात्री करावी. केवळ पाटी पुरत नाही. कुलपाची किल्ली प्रत्यक्ष काम करणाऱ्याजवळच असावी, मुकादमाजवळ नव्हे.

जमिनीखालील टाकी किंवा खड्डा उपसण्यासाठी पेट्रोल वा डिझेलवर चालणारा पंप आत उतरवून चालविणे जिवावर बेतते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वासही नसतो. पहिला माणूस कोसळल्यावर त्यास वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. इंजिन नेहमी बाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून ठेवावे व केवळ शोषणाचा पाइप आत सोडावा.

नवीन जोडणीची चाचणी पाण्याच्या दाबाने करावयाची असते. पाणी जवळपास दाबले जात नाही, त्यामुळे सांधा निसटल्यास थोडे पाणी उडून दाब तत्काळ उतरतो. कॉम्प्रेसरची हवा भरल्यास मात्र ती ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून ठेवते व प्लास्टिकचा पाइप फुटून त्याच्या कपच्या उडतात. पाण्याची टंचाई किंवा घाई या कारणांनी हवेने चाचणी करण्याचा मोह होतो. प्लास्टिक पाइपांचे उत्पादक तीस मनाई करतात.

वीज

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध घटतो आणि त्यास बसणारा धक्का प्राणघातक ठरू शकतो. गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिॲम्पिअरचे आर.सी.सी.बी. हे यावरील प्रमुख संरक्षण होय. परंतु जुन्या इमारतीत ते असेलच असे नाही. म्हणून कारागिराने ते बसविलेला विस्तार-बोर्ड स्वतःजवळ बाळगणे श्रेयस्कर. पिन तुटल्यामुळे वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये काड्यांनी खोचण्याची पद्धत बांधकामांवर अजूनही दिसते. तीत अर्थिंग तर नसतेच, शिवाय वायर ओढली गेली की उघडी तार पाण्यात पडते. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागी ११० व्होल्टचे रोहित्र वापरण्याचा प्रघात आहे. त्याचा मध्यबिंदू जमिनीस जोडलेला असल्याने माणसास बसणारा धक्का सुमारे ५५ व्होल्टपुरता मर्यादित राहतो.

अपघात घडल्यावर

प्रथम वीजपुरवठा तोडावा. हात यंत्रात अडकला असता यंत्र उलट दिशेने चालवून तो सोडविण्याचा प्रयत्न करू नये. चक हाताने सैल करावा व अडकलेले कापड कापावे. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवल्यास पेशी नष्ट होतात व ते पुन्हा जोडता येत नाही. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

कायदा व नुकसानभरपाई

धोकादायक यंत्रांस कुंपण घालण्याची सक्ती ब्रिटनमधील १८४४ च्या कारखाना कायद्याने केली. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्याची तरतूद आहे, तर कलम २२ अन्वये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे ठरविले गेले. ही तरतूद आटे पाडणाऱ्या कारागिरास नेमकी लागू पडण्यासारखी आहे. परंतु तो कारखान्यात नसतो. बांधकामांसाठी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम झाला. त्याच्या कक्षेत जलवाहिन्यांची कामे येतात. मात्र दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू करण्यात आला. एक मिस्त्री व एक हेल्पर ही नळकामातील नेहमीची जोडी त्यातून सुटते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारास कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्याची सोय या कायद्याने दिली. हे दोन्ही कायदे पुढे व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आले.

नुकसानभरपाईचा पाया कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ ने घातला. पुढे तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवानुसार अर्जनक्षमतेच्या हानीचे प्रमाण दिलेले आहे. अंगठा गमावल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के, करंगळीस ७ टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के. पाना धरून पोट भरणाऱ्या माणसास अंगठ्याविना किती काम करता येते, याचा विचार केल्यास ३० टक्के हा आकडा तोकडा वाटतो.

याच कायद्यातील एक तरतूद नळकामगारांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व न आलेल्या इजेत, कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढल्याने अपघात घडला असे सिद्ध झाल्यास मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. चार बोटे गेलेला माणूस याच वर्गात मोडतो. पायखटक्यावर वीट कोणी ठेवली, गार्ड कोणाच्या सांगण्यावरून काढला, हे प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतात. बहुतेक वेळा यंत्र ठेकेदाराकडून गार्डविनाच हाती आलेले असते. अशा वेळी ‘काढला’ असे म्हणता येत नाही. परंतु यंत्र देताना कोणत्या स्थितीत होते याची लेखी नोंद ठेवली जात नाही. ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मूळ व्यावसायिकावरही कलम १२ अन्वये भरपाईचे दायित्व येते. घरमालकाने गळका नळ दुरुस्त करण्यास बोलावलेला प्लंबर मात्र सामान्यतः स्वतंत्र व्यावसायिक ठरतो. त्यास भरपाई देणारा मालक कोणीच नसतो. उलट सोबत आणलेल्या हेल्परचा मालक तो स्वतःच असतो, आणि याची कल्पना फार थोड्या मिस्त्रींना असते.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तथापि पुष्कळसे कारागीर आजही मिस्त्रीच्या हाताखाली राहून काम शिकतात. अशा शिक्षणात कसब उत्तम उतरते. त्याबरोबर मिस्त्रीच्या सवयीही उतरतात, आणि पायखटक्यावर वीट ठेवणे ही त्यांपैकीच एक होय. मुंबई-पुण्यासह देशातील मोठ्या शहरांत ओडिशाच्या केंद्रापडा जिल्ह्यातील नळकारागीर मोठ्या संख्येने आढळतात. त्या जिल्ह्यातील पट्टामुंडई येथे नळकामाच्या शिक्षणास वाहिलेली सरकारी संस्थाही आहे. यंत्राची सूचनापुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते. ती ओडिया, हिंदी किंवा मराठी वाचणाऱ्या हातांत पडत नाही. खोक्याबरोबर दुकानातच राहते. म्हणून यंत्रावरच चिकटविलेली चित्रमय सूचना, उदाहरणार्थ हातमोज्यावर मारलेली फुली, अधिक उपयोगी पडते. तेलाने ती पुसट झाल्यास नवीन लावून घेणे हे यंत्राच्या देखभालीत मोडते.